मागच्या खोलीचं वाक्य

टायपिंगच्या धंद्यात कोरं पान कुणी उघडत नाही. निदान आमच्या कडेगावात, तहसील कचेरीच्या गल्लीत तरी नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज हवा असेल तर कालचा अर्ज उघडायचा, कालच्या माणसाचं नाव खोडून आजच्याचं घालायचं, गाव बदलायचं, तारीख बदलायची आणि प्रिंट मारायची. प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, वारसाचा अर्ज, सगळं असंच. जुन्यावर नवीन. या पद्धतीनं मी पंधरा-सोळा वर्षं काढलीत आणि मला त्याची लाज वाटत नाही. ज्याला वाटते त्यानं एक हक्कसोडपत्र पहिल्या ओळीपासून टाइप करून दाखवावं, मी चहा पाजते.

हक्कसोडपत्र म्हणजे बहिणीनं भावाला लिहून दिलेला कागद. बाप गेला की जमिनीवर आणि घरावर मुलींचंही नाव लागतं. मग भाऊ एखाद्या दिवशी बहिणीला घेऊन कचेरीत येतो आणि बहीण 'माझा हिस्सा मी राजीखुशीनं सोडला आहे' म्हणून सही करते. जबरदस्ती कुणी करत नाही. सही न करणारीला पुढच्या पंचमीला माहेरचं बोलावणं येत नाही, एवढंच. आणि ते न सांगताही सगळ्यांना कळतं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये या कागदाची एकच फाइल होती, 'हक्कसोड नमुना' नावाची. तालुक्यातल्या कितीतरी बहिणी त्या एका फाइलीतून गेल्या. आधीची खोडायची, तिच्या जागी पुढची घालायची.

त्या फाइलीतली पहिली बाई माझी स्वतःची नणंद होती.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची पाठची बहीण, एकुलती एक. रहिमतपूरला दिलेली. बोलायच्या कमी, पण चिमटा काढायला हुशार. लग्नानंतर मी नुकती टायपिंग शिकले होते, तेव्हा माझ्या वाकड्या भाकरीकडं बघून म्हणाल्या होत्या, "वैनी, बोटं मशिनीवर लय पळत्यात तुमची. पिठात शिरली की कुठं जात्यात?" मला राग आला होता. पण भाकरी मला त्यांनीच शिकवली, हेही खरं. त्यांचा थापायचा आवाज वेगळा होता. दोन थापा जोरात, एक हळू, मग भाकरी फिरवायची, की पुन्हा दोन जोरात, एक हळू. सोप्यात बसून न बघता सांगता यायचं की चुलीपुढं वन्सं आहेत.

सासरे गेले त्याच्या पुढच्या वर्षी हक्कसोडीचा विषय निघाला. निघाला म्हणजे आम्ही काढलाच नाही. वन्सं आपण होऊन सकाळच्या एसटीनं आल्या. तेव्हा माझा नुकताच घेतलेला कॉम्प्युटर, दुकानाला जागा नाही म्हणून, घराच्या पुढच्या सोप्यात होता. त्या माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या आणि पडद्याकडं बघत म्हणाल्या, "जमिनीचं माझं काय म्हननं न्हाई, ती दादाचीच. फकस्त ती मागली खोली माझी ऱ्हाऊ दे. मालकीची नगं मला. येन्याजान्यापुरती. जिवात जीव हाय तवर. एवढं लिवा त्यात."

मागच्या खोलीत त्या वेळी कांदे होते, रिकामी पोती होती आणि एक लोखंडी कॉट होती. पहिल्या बाळंतपणाला आल्या तेव्हा वन्सं सव्वा महिना त्याच कॉटवर होत्या. मी म्हटलं, "लिवते की." आणि लिहिलं. त्यांचं बोलणं कचेरीच्या भाषेत कसं बसवायचं यावर मी पाच मिनिटं डोकं घातलं आणि मग एका दमात टाइप केलं: 'मात्र लिहून देणार या हयात असेपर्यंत माहेरच्या घरातील मागील खोली त्यांच्या येण्याजाण्यासाठी व राहण्यासाठी राखून ठेवली जाईल व त्यास घरातील कोणाचीही हरकत राहणार नाही.' वाक्य मोठं झकास जमलं होतं. मला त्याचा अभिमानच वाटला. मी ते दोनतीनदा मनात म्हणून बघितलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ती खोली मलाही हवी होती. तिचं दार तहसीलच्या गल्लीत उघडत होतं. मी तोवर कचेरीच्या भिंतीला लागून एका पत्र्याखाली, दुसऱ्याच्या टेबलावर, दुसऱ्याच्या मशिनीवर काम करत होते. वळीव आला की आधी मॉनिटरवर पोतं टाकायचं, मग आपल्या डोक्यावर. मागची खोली मी पावलांनी मोजून ठेवली होती. टेबल कुठं, झेरॉक्स कुठं, गिऱ्हाइकाची खुर्ची कुठं, सगळं ठरलं होतं. ह्यांनासुद्धा बोलले नव्हते.

त्या दिवसाचं पुढचं मला असं आठवत होतं. कागद तयार झाला. मी तो वन्संना मोठ्यानं वाचून दाखवला, त्या वाक्यासकट. त्यांना वाचता यायचं, पण चष्म्याशिवाय बारीक अक्षर लागायचं नाही. त्यांनी मान हलवली. मग आमचे हे माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, असली अट रजिस्टरला चालत न्हाई, काढ ती. मी काढली. वन्संना सांगायचं राहून गेलं. रजिस्टर ऑफिसात 'मजकूर समजला का' असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "व्हय, वैनीनं वाचून दावलाय," आणि सही केली.

ही आठवण मी चौदा वर्षं जपली. नुसती जपली नाही, भांडणात वापरली. नवरा-बायकोचं भांडण कुठून कुठं जाईल सांगता येत नाही. भाजीतल्या मिठावरून सुरू झालेलं मागच्या खोलीपर्यंत जायचं. "तुमीच काढाय लावलं," मी म्हणायचे. एकदाच ते म्हणाले होते, "मी कवा म्हनलो?" आणि चपला घालून निघून गेले होते. माणूस किती सहज अंग झाडतो म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

खोली माझी झाली. कांदे हलले, पोती हलली, कॉट भंगारात गेली. मग वन्संचे यजमान गेले. रहिमतपुरात दिराजावांशी पटेना, तेव्हा त्या लेकीला आणि दोन पिशव्या घेऊन आमच्या दारात आल्या. घरातून न येता गल्लीतून, मागच्या दारानं आल्या. दारातच थांबल्या. जिथं त्यांची कॉट होती तिथं झेरॉक्स मशीन होतं आणि त्याच्याभोवती चार माणसं आपापले कागद घेऊन उभी होती. त्या म्हणाल्या, "मशीन लय मोठं हाय वैनी." मी त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं. चहा दिला. भाची तेव्हा शाळेत होती, ती मशिनीच्या हिरव्या दिव्याकडं बघत होती. माणसं गेल्यावर वन्संनी अगदी हळू विचारलं, "त्या कागदात हुतं न्हवं वैनी?"

मी म्हटलं, "जुना कागद हाय, बघून सांगते."

मी बघितलं नाही आणि सांगितलं नाही. ह्यांनी राहायचा आग्रह केला, सोप्यात राहा म्हणाले. वन्संनी चहाची बशी धुऊन पालथी घातली आणि दुपारच्या गाडीनं गेल्या. पुढं कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागल्या, पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली, लेकीला शिकवलं. पंचमीला मी बोलावणं धाडायचे. त्या यायच्या, सोप्यात जेवायच्या आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठायच्या. मागच्या खोलीत त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

गेल्या साली सांगलीच्या दवाखान्यात वन्सं गेल्या. आठ दिवसांचा ताप, दुसरं काही नाही. दहाव्याला कृष्णाकाठी पिंड ठेवला आणि आम्ही सगळी लांब उभी राहिलो. कावळे होते. समोरच्या लिंबावर पाच-सहा बसले होते, खाली येत नव्हते. ह्यांनी हात जोडून सांगितलं, पोरीकडं मी बघीन. कावळा हलला नाही. भाची म्हणाली, आई, मी नीट ऱ्हाईन, काळजी करू नगंस. कावळा हलला नाही. एकेक जण पुढं होऊन काहीबाही कबूल करत होता, घाटावरच्या ओळखीच्या बायकांनीसुद्धा सांगून बघितलं. मी मागं उभी होते. कावळा कशासाठी थांबलाय हे त्या घाटावर मला एकटीला माहीत होतं आणि माझं तोंड, जे एरवी तहसीलदाराच्या शिपायालाही ऐकवतं, ते उघडलं नाही. ऊन वर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळी आंघोळीला गेली.

त्यानंतर मला दुकानात तो आवाज यायला लागला. दुपारी लाइट गेली की झेरॉक्स थांबतं, पंखा थांबतो, कॉम्प्युटर बंद पडतो आणि खोली एकदम गप होते. तेव्हा भिंतीपलीकडून, घरातून यायचा. दोन जोरात, एक हळू. पहिल्यांदा मी उठून आत गेले. चूल कधीच गेली होती, गॅसच्या ओट्यावर काही नव्हतं, परात भिंतीला उभी होती. शेजारची कपडे आपटत असेल, अशी मी समजूत घातली. शेजारी कपडे धुवायचं मशीन आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी घातली. मी भुताखेताला भिणारी बाई नव्हे. पण लाइट गेली की दुकान बंद करून गल्लीत उन्हात जाऊन उभी राहायला लागले. लोक विचारायचे. मी सांगायचे, आत उकडतंय.

दहाव्यानंतर भाचीचं येणं-जाणं वाढलं. मामानं शब्द दिला होता आणि तिलाही दुसरं कोण होतं? कुपवाडच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बसते. आईसारखीच कमी बोलते. एकदा जेवताना म्हणाली, "आई एक खोटं लय दिवस बोलायची मामी. म्हनायची, कागदात मागली खोली लिवून घेतलीया. वैनीनं वाचून दावलं, माझ्या कानानं ऐकलंय. मग मी नोकरीला लागल्यावर हितल्या रजिस्टर ऑफिसातनं नक्कल काढली. त्यात काय सुदिक न्हवतं." मी तिच्या ताटात भाजी वाढली. ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला.

पार्ट बदलत बदलत ओढलेला माझा जुना कॉम्प्युटर या उन्हाळ्यात कायमचा बसला. भाचीच्या ऑफिसात जुनी मशिनं काढून टाकत होते, त्यातलं एक तिनं माझ्यासाठी मागून घेतलं आणि रविवारी सकाळी एसटीतून मांडीवर घेऊन आली. माझ्या सगळ्या फाइली तिनं त्यात उतरवल्या. मग समजावलं, "ह्यो निळ्या चिन्हाचा तुमचा जुनाच प्रोग्रॅम. म्हैनाभर चालंल, मग पैसं मागंल. म्हनून मी ह्यो दुसरा घातलाय, फुकटचा हाय. कागदाच्या फायलीवर टिचकी मारली की मशीन इचारंल, कशात उघडू. फुकटच्यावर बोट ठेवा आनि खाली 'कायम ह्यातच' हाय तिथं खूण करा. मग परत इचारायचं न्हाई." आणि पदर नसलेली ती पोर ओढणी खोचत उठली. "तुमी फायली बघून घ्या. मी भाकऱ्या टाकते."

मी दाखल्यांच्या दोनचार फाइली उघडून बघितल्या. ठीक होत्या. मग 'हक्कसोड नमुना'वर टिचकी मारली. कशात उघडू, असं मशीननं विचारलं. मी फुकटच्यावर बोट ठेवलं.

पान उघडलं आणि ते माझं पान नव्हतं. गेल्या आठवड्यात एका बहिणीचा कागद केला होता, तिचं नाव होतं. पण त्या नावाला रंग होता, खाली रेघ होती आणि त्याच्या अलीकडं, मधून रेघ मारलेलं, लाल, वन्संचं नाव होतं. पुढं तिच्या गावाआधी लाल रहिमतपूर. तिच्या नवऱ्याआधी वन्संचे यजमान. आणि शेवटच्या परिच्छेदात, कुणाच्याही आधी-मागं नाही, एकटं, सबंध लाल वाक्य. मात्र लिहून देणार या हयात असेपर्यंत.

आत भाचीनं भाकरी थापायला घेतली. दोन जोरात, एक हळू.

असं कसं झालं ते मला भाचीनं नंतर सांगितलं, पण इथंच सांगते. मथळा मधोमध आणायला दोन बटणं दाबतात. घाईत तिसऱ्यावर बोट पडलं तर कॉम्प्युटर बदल टिपून ठेवायला लागतो. त्यानंतर जे खोडाल ते जात नाही, लाल होऊन राहतं. त्या दिवशी तसं झालं होतं. खोडलेलं वाक्य लाल होऊन दिसल्यावर मी घाबरून वरच्या यादीतलं काहीतरी दाबलं होतं आणि ते दिसेनासं झालं होतं. मला वाटलं, गेलं. मग चौदा वर्षं मी त्याच फाइलीवर बायका घालत आणि काढत गेले. घातलेल्या बायका काढल्या की खरोखर जात होत्या, त्यांचा मागमूस राहत नव्हता. वन्संचा मजकूर मात्र टिपणं सुरू व्हायच्या आधीचा, म्हणून त्या गेल्या नाहीत. प्रत्येकीच्या कागदाखाली त्या होत्या. मी त्यांच्यावर प्रिंट मारत होते.

मी माउसचा बाण त्या लाल वाक्यावर नेला. एक छोटी चौकट उघडली. खोडणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ. नाव माझं होतं. पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं मीच ते प्रोग्रॅममध्ये घातलं होतं. तारीख त्या दिवसाची. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

अकरा दहाला हे घरात नव्हते. साक्षीदार आणायला मळ्यात गेले होते. बारा वाजता दोघांना घेऊन आले, तेव्हा मी पाच कप चहा टाकला होता, हे मला स्वच्छ आठवतं, कारण कप चारच धड होते. सोप्यात तेव्हा मी एकटी होते आणि वन्सं आत होत्या, आमच्यासाठी भाकऱ्या थापत. तो आवाज चालू असताना मी वाक्य खोडलं होतं. मागं कुणी उभं नव्हतं. कुणी काही म्हणालं नव्हतं.

आणि वाचन झालं ते चहानंतर, सगळ्यांसमोर, स्टॅम्प पेपर हातात धरून. स्टॅम्प पेपर प्रिंटरमधून एकदाच जातो. मजकूर छापला गेला की गेला, त्यातून नंतर काही काढता येत नाही. एवढी साधी गोष्ट, जी मी रोज गिऱ्हाइकांना बजावते, ती माझ्या स्वतःच्या आठवणीला मी चौदा वर्षांत एकदाही लावून बघितली नव्हती. मी फाइल बंद केली.

मग पुन्हा टिचकी मारली आणि निळ्यात उघडून बघितली. साफ पान. गेल्या आठवड्याची बहीण, तिचा भाऊ, तिचं गाव. कडेला एक बारीक उभी लाल रेघ तेवढी, बाकी काही नाही. मी ती बंद केली, पुन्हा टिचकी मारली, निळ्यावर बोट ठेवलं आणि 'कायम ह्यातच'ला खूण केली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला.

जेवणं झाली. ह्यांनी सोप्यात खुर्चीवर डोळे मिटले. भाची दुकानात आली आणि म्हणाली, "मामी, आईचा कागद असंल का वो ह्यात?"

"तो कवाच गेला. त्याच्यावर दुसरं किती झालं."

"बघू तर." तिनं टिचकी मारली. निळ्यात उघडलं. साफ पान. मी म्हटलं, "बघ. ह्यो दुसऱ्याच बाईचा हाय."

ती पानाकडं बघत राहिली. "कडंला ही लाल रेघ कसली?"

"असंल काय तरी."

ऑफिसात दिवसभर हेच करणारी पोर ती. तिनं फाइल बंद केली, माउसचं उजवं बटण दाबलं आणि यादीतून दुसरा प्रोग्रॅम निवडला. पान लाल झालं.

भाचीनं आईचं नाव बघितलं. मग खाली खाली आली आणि ते वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं, पहिलीतलं पोर वाचतं तसं, एकेक शब्द सुटा करून. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई खरं बोलत हुती." आणि थोड्या वेळानं, "मी तिला नक्कल आनून दावली हुती मामी. म्हनलं, दाव की कुठं हाय तुजं वाक्य. गप बसली. मरस्तवर परत त्यावर बोलली न्हाई."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला जवळ घेता आलं असतं. तिचा हात माउसवर होता आणि बाण त्या वाक्याकडं निघाला होता. "तुमी तिला वाचून दावलं," ती म्हणाली, "तवा हे कागदात हुतं न्हवं?"

होतं, म्हणणं सोपं होतं. मग ते मामानं काढलं असतं, किंवा रजिस्टर ऑफिसानं, किंवा कुणीही. बाण वाक्याला टेकायला बोटभर अंतर होतं.

"न्हवतं," मी म्हटलं. "कुनी काढाय लावलं न्हाई. मी काढलं. मला ही खोली पायजे हुती."

खरं बोलावंसं वाटलं म्हणून बोलले की आता सापडणारच म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. बाण थांबला. सोप्यातली खुर्ची करकरली आणि गप झाली. हे जागे होते.

"मग तुमी वाचलं काय?" भाचीनं विचारलं.

"पाठ हुतं मला."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. वन्संचेच डोळे. मी रागाची वाट बघत होते, शिवीची वाट बघत होते. माझ्यासारखीला तेच बरं पडलं असतं. पण तिनं विचारलं, "अजून हाय?"

मी मान हलवली.

"म्हना."

मी म्हटलं. मात्र लिहून देणार या हयात असेपर्यंत माहेरच्या घरातील मागील खोली. ती पडद्यावर बोट ठेवून लाल अक्षरांवरून माझ्याबरोबर पुढं पुढं येत होती. त्यांच्या येण्याजाण्यासाठी व राहण्यासाठी. त्या दिवशी कोऱ्या जागेकडं बघत मी असंच म्हटलं असणार, अर्धवट पापण्या मिटून, आणि समोर वन्सं मान हलवत ऐकत असणार. व त्यास घरातील कोणाचीही हरकत राहणार नाही. भाचीचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं.

एक शब्द चुकला नव्हता.

तिनं फाइल बंद केली. मी केलेली खूण तिनं काढली, यादीत दुसऱ्या प्रोग्रॅमवर बोट ठेवलं आणि 'कायम ह्यातच'ला खूण केली. मला विचारलं नाही. पिशवी उचलून गल्लीतल्या दारापर्यंत गेली, तिथं थांबली आणि झेरॉक्सच्या मशिनीखालच्या जमिनीकडं बघत म्हणाली, "येन्याजान्यापुरती ऱ्हाऊ द्या तिला."

आणि चारच्या गाडीनं कुपवाडला गेली.